हवा पुरत नाही, साहेब

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी लाईन सुपरवायझर आहे, या लाईनला नवीनच आलोय. मध्यंतरी मॅनेजमेंटनं कामगारांचा हुरूप वाढवायला ट्रेनिंग ठेवलं. ट्रेनर चांगला होता, १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड कमीजास्त करून प्रयोग झाले ते त्यानं सांगितलं, म्हणाला आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानंसुद्धा माणूस जीव लावून काम करतो. मग विचारलं, कुणाला काही बोलायचंय? तात्या उठले. "माझ्या मशीनला हवा पुरत नाही." अख्खा हॉल हसला. मला हसू आलं नाही, कारण रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या पार्टच्या, बोर्डावर लाल शाईत कायम तात्यांचंच नाव.

आमच्याकडे व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, जॉब (घडवायचा पार्ट) फिक्श्चरमध्ये, म्हणजे पकडीत, हवेच्या दाबानं पकडतात. सहा बार दाब लागतो. दाब पडला की क्लॅम्प ढिला, जॉब केसभर सरकतो आणि बोअर, म्हणजे पाडलेलं भोक, मापाबाहेर. डोळ्याला काही दिसत नाही, मापाचं गेज लावल्यावरच कळतं.

त्या रात्री सेकंड शिफ्ट सुटायच्या आधी मी तात्यांच्या मशीनमागे गेलो आणि प्रेशर गेजवर टॉर्च धरून उभा राहिलो. सुटायच्या आधी सगळी लाईन साफसफाई करते, फाइव्ह एसचा (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचा) नियमच आहे, म्हणजे सगळ्यांच्या एअर गन एकदम चालू, आणि तात्यांचं मशीन एअर लाईनच्या पार टोकाला. काटा सहावरून साडेतीनवर! एवढा दाब पडल्यावर मशीननं अलार्म देऊन थांबायलाच पाहिजे, तर पॅनल उघडून बघतो तो प्रेशर स्विचच बायपास, वायरचा बोटभर तुकडा जोडलेला. मशीन सारखं थांबतं, प्रॉडक्शन जातं म्हणून कुणीतरी केलेला उद्योग. असा संताप झाला की काय सांगू.

"तात्या, कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून सांगतोय साहेब. मेन्टेनन्सवाले म्हणतात कंप्रेसरला सात दाखवतंय."

अरे, कंप्रेसर रूममध्ये सातच दाखवणार ना! टोकाच्या मशीनला काय पोचतंय ते कुणी बघायचं?

मशीनजवळ छोटी एअर टाकी बसवली, मागे हवा उलटी जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकला, स्विच परत जोडला, साफसफाई आळीपाळीनं लावली. ट्रेनिंगच्या दिवशीच्या जेवणाच्या बिलापेक्षा कमी खर्च आला. तात्यांचं रिजेक्शन जवळपास बंद झालं. आणि मग बाकीचेही बोलायला लागले, एकाचं गेज झिजलेलं, एकाच्या पायाखाली कूलंट गळतंय, एकाला ड्रॉइंग दिसेल एवढा उजेड नाही. सजेशन बॉक्स मात्र इतके दिवस रिकामाच होता.

डोक्यातून जात नाही ते एकच, रिजेक्शनपायी तात्यांचा कापलेला इन्सेंटिव्ह. एचआर म्हणतं मागच्या तारखेनं देता येत नाही. का नाही? बोर्डावरचं नाव मी पुसलं, पण पैसे? सगळ्या रिजेक्शनच्या वेळा काढून मी प्लँट हेडना रिपोर्ट दिलाय, बहुतेक जॉब शिफ्ट सुटायच्या आधीच्या साफसफाईतलेच आहेत. सोमवारी मीटिंग आहे, तात्यांना सोबत घेऊनच जाणार आहे.