पानगळीतला ट्राउट: मी तळ मोजायला शिकले

पहिले तीन दिवस मी ओढ्यावरून रिकाम्या हाताने परतले. ओढ्यात मासे नव्हते असं म्हणायला जागाच नव्हती. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपालन केंद्रात, वाढवलेले रेनबो ट्राउट दहा दिवसांपूर्वी तिथे सोडले होते आणि पुलाखालच्या डोहात त्यांच्या काळसर पाठी मला काठावरून दिसत होत्या. माझा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं आमिष, त्यांच्या डोक्यावरून लखलखत जायचा. एखादा मासा किंचित वळायचा आणि पुन्हा आपल्या जागी स्थिर व्हायचा. मी आमिषं बदलत राहिले. चंदेरी पातं, सोनेरी पातं, तांबड्या ठिपक्यांचं, काळं, सगळं करून झालं. एकही मासा लागला नाही.

चौथ्या दिवशी थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला. सकाळचे सात वाजले होते आणि पाणी ७ अंश सेल्सिअस होतं. तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. साधारण १० ते १६ अंशांत तो सगळ्यात चपळ असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, २० अंशांना ९. उन्हाळ्यात तापणाऱ्या ओढ्यांत पाणी निवल्यावर, पानगळीत मासे सोडतात ते म्हणूनच. पण माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी फार गार झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते. ७ अंशांच्या पाण्यात तळाशी बसलेला मासा डोक्यावरून पळणाऱ्या आमिषासाठी वर येईल, ही अपेक्षाच चूक होती. मी रंग बदलत होते. बदलायला हवी होती ती आमिषाची खोली आणि त्याचा वेग.

त्या दिवसापासून भल्या पहाटे जाणं बंद केलं. अकरा ते तीन ही माझी वेळ ठरली. उन्हं पाण्यावर आली की पारा दोनेक अंश चढतो आणि तेवढ्यानेही माशांत फरक पडलेला दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. सोडलेला मासा हौदात, दाटीत वाढलेला असतो. जोरदार प्रवाहात उभं राहून वाहत येणारं भक्ष्य टिपायची त्याला सवय नसते. सुरुवातीचे दिवस तो सोडलेल्या जागेच्या जवळपास, संथ आणि खोल पाण्यात घोळक्याने राहतो. खळाळत्या उथळ पाण्यात मी जो वेळ घालवला तो वाया गेला. आता मी थेट डोह गाठते, नाहीतर मोठ्या दगडामागचं निवांत पाणी. एक मासा लागला की तिथून हलत नाही, कारण बाकीचे तिथेच असतात.

सामान साधंच आहे. सहा फुटी हलका रॉड, लहान रीळ आणि चार पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, म्हणजे गळाची दोरी. पानगळीत पाणी कमी आणि काचेसारखं नितळ असतं, त्यात जाड तंगूस माशाला दिसतो. स्पिनर लावायचा असेल तर फिरकी कडी हवीच, नाहीतर तंगूसाला पीळ पडून गुंता होतो. पण त्या दिवशी मी स्पिनर बाजूला ठेवला आणि तीन ग्रॅमचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, लावला. या आमिषाचं पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल यांनी १८५२ साली घेतलं. जेवणाचा चमचा हातून तळ्यात पडला आणि माशाने तो धरला, त्यावरून त्यांना हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, बुडताना चमचा ज्या तऱ्हेने डुलत जातो ते पाहिलं की पटते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मी डोहाच्या खालच्या अंगाला उभी राहिले. चमचा वरच्या बाजूला तिरका टाकला आणि मनात मोजू लागले. सहाला तंगूस सैल पडला, म्हणजे तळ लागला. पुढच्या वेळी पाचलाच रीळ फिरवायला घेतलं, प्रवाहापेक्षा जेमतेम जास्त वेगाने. चमचा तळापासून वीतभर वरून येत होता. मध्येच तो थांबला, इतकंच. झटका नाही, ओढ नाही. मला वाटलं, पान अडकलं.

या दिवसांत पानं हा मोठा त्रास असतो. चार फेकींमागे एकदा तरी पान येतंच, आणि पान अडकलं की स्पिनरचं पातं फिरत नाही, ती फेक फुकट जाते. तीन टोकांचा गळ काढून एकेरी गळ लावला तेव्हा त्रास बराच कमी झाला. पान नुसतं जड लागतं. मासा डोकं हलवतो, आणि ते थरथरणं थेट मनगटापर्यंत येतं. आता ते आलं.

रिळाचा ब्रेक मी आधीच सैल ठेवला होता. माशाने दोनदा डोहभर धाव घेतली, मग जाळीत आला. फूटभर लांबीचा, अंगावर गुलाबी पट्टा, पाठीवरचा पर झिजलेला. हौदाच्या दाटीत वाढलेल्या माशांचे पर बहुधा असेच झिजलेले असतात. हात ओला करूनच त्याला धरलं, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेतून रोग शिरतो. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून टाकला होता, त्यामुळे गळ अलगद सुटला. त्या दुपारी आणखी चार मासे लागले, सगळे पाच म्हणतानाच.

एका बाबतीत मी फार जपते. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट पानगळीतच अंडी घालतात. उथळ पाण्यात तळाचे खडे एका जागी धुतल्यासारखे उजळ दिसले की ते घरटं समजायचं. तिथे पाय ठेवायचा नाही, आणि त्यावर उभ्या जोडीला आमिषही दाखवायचं नाही. परवाना, हंगाम आणि किती मासे घरी नेता येतात हे नियम जागोजागी वेगळे असतात. ते मी निघण्यापूर्वीच वाचते.

पंधरवड्याने मोठा पाऊस झाला. पुलाखालचा डोह रिकामा दिसला. पाणी गढूळ होतं, म्हणून एक नंबर मोठा सोनेरी स्पिनर लावला. गढूळ पाण्यात मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने थरथर ओळखतो आणि फिरत्या पात्याची थरथर त्याला जाणवते. काठाकाठाने दोन वळणं खाली गेले. पडलेल्या झाडाच्या बुंध्यामागे पाणी काळं आणि संथ होतं. पाच म्हटलं, काही नाही. सात म्हटलं, काही नाही. आठला तंगूस थांबला.