वावरातला नाला आणि ४६ पी/१

जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी आमच्या वावरात घुसतं. पारोळा तालुक्यातला, बोरीला मिळणारा लहानसा नाला. जेसीबी लावून सरळ केला तेव्हापासून हा ताप सुरू झाला. जुना नाला मारुतीपासून वळायचा, असं आबा छातीठोक सांगतात. पण दाखवायला कागद नव्हता.

आधी टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातून अमेरिकी लष्कराचा १९५० च्या दशकातला नकाशा फुकट उतरवून घेतला. प्रमाण १:२,५०,०००. त्यावर आमचा दोन किलोमीटरचा नाला ८ मिलिमीटरचा! वळण कुठून दिसणार? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर १:५०,००० चे नकाशे आहेत, पण ते नंतरच्या मोजणीचे.

मला हवी होती एक इंचाला एक मैलवाली जुनी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचा नाले-टेकड्या दाखवणारा तपशीलवार नकाशा. अक्षांश-रेखांशावरून नंबर काढला, ४६ पी/१. ती निघाली एका कॉलेजच्या भूगोलाच्या कपाटात, घड्यांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. सरांनी बाहेर नेऊ दिली नाही, तिथेच मोबाइलवर फोटो काढले.

नाल्याच्या काठाशी बारीक अक्षरात ‘१२ आर’ लिहिलेलं. म्हणजे काठ तळापासून १२ फूट उंच. आज तिथे माझ्या गुडघ्याएवढाही काठ नाही. आणि मारुतीच्या खुणेपाशी वळण, अगदी आबा म्हणतात तसं.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरून नकाशा उपग्रहचित्रावर बसवला, तर नाला थेट शेजाऱ्याच्या विहिरीतून गेला! दोन रात्री डोकं खाजवलं. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा एक आकार धरावा लागतो. जुन्या शीटा एव्हरेस्ट गोलाभ या जुन्या आकारावर, जीपीएस आणि उपग्रहचित्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या आकारावर. आपल्या भागात त्याने शंभरेक मीटरचा फरक पडतो. नकाशाचा डेटम, म्हणजे मोजणीचा आधार, एव्हरेस्ट निवडल्यावर रेघ पश्चिमेला सरकली आणि पाणी जिथून घुसतं तिथेच आली.

हद्दीच्या भांडणात ही शीट कामाची नाही, तिच्यावर सर्व्हे नंबर नसतात. पण नाल्याची जुनी वाट दाखवायला पुरे.

प्रिंट आबांपुढे धरली. वळण बघून खूश झाले. पण नाला काळ्या रेघेने काढलाय, म्हणजे कोरडा, हे सांगितल्यावर भडकले. त्यांच्या लहानपणी दिवाळीपर्यंत पाणी असायचं म्हणे. मोजणीवाले पावसाळा सोडून फिरायचे, हे मी सांगणार तोच म्हणाले, “तो साहेब चैतमा उना व्हई, भादवामा नही!”