इनपुट पिनला आउट रजिस्टर कशाला?

"सर, पिन इनपुट केलीय, मग आउट रजिस्टरमध्ये कशाला लिहायचं?" डिप्लोमाच्या मुलांना एमएसपी४३० हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) शिकवतो तेव्हा हा प्रश्न दरवर्षी येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी फळ्यावर न उरकता लिहूनच काढतो. रजिस्टर म्हणजे चिपच्या आतला बिटांचा छोटा कप्पा, प्रत्येक पिनला एक बिट; आउटमध्ये पिनवर बाहेर काय पाठवायचं ते लिहितात.

माझीच फजिती सांगतो. लाँचपॅड या सरावाच्या बोर्डावर एमएसपी४३० मधलीच जी२५५३ चिप, तिच्या पी१.० पिनवर लाल एलईडी, पी१.३ वर बटण. बटण दाबलं की एलईडी लागणार, एवढाच प्रोग्राम. घरच्या जुन्या बोर्डावर तो वर्षभर बिनतक्रार चालला. वर्गात नवीन बोर्ड काढले, तर बटणाला हात न लावताही एलईडी लुकलुकायला लागला. बोट जवळ नेलं की जास्तच. मुलं खूश, मी घामाघूम. जुन्या बोर्डावर बटणापाशी बाहेरून पुल-अप रेझिस्टर (पिनला सप्लायकडे ओढून धरणारा) होता, नव्या बोर्डाच्या १.५ आवृत्तीत तो लावलेलाच नाही. पिन अधांतरी लोंबकळत होती आणि हवेतून येईल ते वाचत होती.

उपाय चिपच्या आतच आहे. रेन या रेझिस्टर चालू-बंद करणाऱ्या रजिस्टरमधला बिट १ केला की साधारण ३५ किलोओहमचा रेझिस्टर पिनला जोडला जातो. पण तो सप्लायकडे ओढायचा की ग्राउंडकडे, हे सांगायला वेगळं रजिस्टर नाही. पिन इनपुट असताना आउटचा बिट रिकामाच बसलेला असतो, म्हणून त्यालाच हे काम लावलंय: १ म्हणजे पुल-अप, ० म्हणजे पुल-डाउन. आपलं बटण दाबल्यावर ग्राउंडला जातं, तेव्हा इथे १ हवा. ० राहिला तर चिपच्या मते बटण कायम दाबलेलंच.

खरी गोम पुढे आहे. चिपच्या या मालिकेत रिसेट झाला की दिशेचं रजिस्टर (पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारं) ० म्हणजे इनपुट होतं, आउट मात्र होतं तसंच राहतं. त्यामुळे आउट लिहायला विसरलात तरी आधीच्या प्रोग्रामने ठेवलेल्या १ वर काम चालून जातं, आणि सप्लाय काढून परत लावला की बिघडतं. असल्या चुकीने माणसाची झोप जाते. आउटपुटलाही हेच लागू: आधी आउट लिहायचं, मग दिशा बदलायची. उलट केलंत तर सुरू होताना पिनला जोडलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) उगाच टक् करून जातो.

ॲनालॉग पिनचं निराळं. सेन्सरचं व्होल्टेज अधेमधे कुठेतरी असतं, आणि डिजिटल इनपुटला असं अधलंमधलं सोसत नाही. आतून सप्लायपासून ग्राउंडपर्यंत करंट झिरपतो. एडीसी१०एई० या ॲनालॉग पिनांच्या रजिस्टरमध्ये त्या पिनचा बिट १ केला की डिजिटल बाजू बंद होते. ही चिप स्टँडबायमध्ये अर्ध्या मायक्रोअँपिअरवर राहू शकते. तिथे एक विसरलेली पिन बॅटरीचा सगळा हिशोब बिघडवते.

आणि हो, २० पायांच्या चिपमध्ये पोर्ट ३ बाहेर आणलेलंच नाही, पण आत ते आहे. त्याचेही रेन बिट १ करायचे असं डेटाशीट बजावतं. नसलेल्या पायांना रेझिस्टर लावायचे म्हटलं की मुलं हसतात. हसू देत, पण ती ओळ मी प्रत्येकाच्या प्रोग्राममध्ये तपासतो.