अंबाडीचं सरबत, संत्र्याचा रस आणि डीपीपीएचची फसगत

डीपीपीएच हा जांभळा पदार्थ अँटिऑक्सिडंट भेटला की फिका पडतो, आणि किती फिका पडला यावरून नमुन्याची अँटिऑक्सिडंट ताकद मोजतात. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत या डीपीपीएच चाचणीला लावलं की आहे त्याहून दुबळं ठरतं. या चाचणीत डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजतात, आणि बोंडांतलं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्यही ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतं. डीपीपीएच फिका पडला तरी सरबताचा लाल रंग रीडिंगमध्ये बसून राहतो. जांभूळ-कोकमाचंही तेच.

म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक, म्हणजे फक्त नमुन्याचा स्वतःचा रंग मोजणारी नळी, लागतो: ३ मिली मिथेनॉल, ०.१ मिली नमुना, डीपीपीएच नाही. समजा कंट्रोलचं (नमुन्याशिवायच्या डीपीपीएचचं) रीडिंग ०.९८, नमुना ०.४१ आणि त्याचा ब्लँक ०.१७ आला. ब्लँक वजा न करता उत्तर, म्हणजे कंट्रोलच्या तुलनेत गेलेला रंग, ५८ टक्के, वजा करून ७६ टक्के. एवढा फरक एका क्युवेटच्या (रंग मोजायच्या छोट्या नळीच्या) आळसामुळे पडतो.

द्रावण असं करा: ३.९ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिली मिथेनॉलमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमोलर. खडे पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, बाटलीला फॉइल गुंडाळा, रोज ताजं करा. त्यातलं ३ मिली अधिक ०.१ मिली नमुना, अंधारात ३० मिनिटं. कंट्रोलमध्ये नमुन्याऐवजी तेवढंच मिथेनॉल. कंट्रोल ०.९ ते १.२ च्या बाहेर गेला तर आधी वजन तपासा.

संत्र्याचं दुखणं निराळं. त्यातलं पेक्टिन मिथेनॉलमध्ये साकळतं आणि द्रावण गढूळ होतं. गढूळपणाही प्रकाश अडवतो, पण तो रंग नव्हे. १ मिली रसात ४ मिली मिथेनॉल घालून १० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा निवळ भाग घ्या. यात पाचपट पातळही होतं, आणि ते हवंच असतं. ३ मिली द्रावणात डीपीपीएच जेमतेम ०.३ मायक्रोमोल, बिनपातळ रसातलं क जीवनसत्त्व एकटंच ते फस्त करतं. मग संत्र्याचा मृग बहार काय नि आंबिया बहार काय, सगळेच ९० टक्क्यांच्या वर! उत्तर २० ते ८० च्या मध्ये यायला हवं. रस काढल्यावर ताटकळू देऊ नका, क जीवनसत्त्व हवेनं मरतं.

नागपूरच्या मे महिन्यात उघड्या परीक्षानळीतून मिथेनॉल उडतं, डीपीपीएच घट्ट होतो आणि रीडिंग चढतं. बूच लावा. फ्रीजरमधली डीपीपीएचची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. कूलरच्या दमट हवेत तिच्यात लगेच ओल धरते.

नुसते टक्के लिहू नका. ट्रोलॉक्स हा तुलनेसाठी वापरायचा प्रमाण अँटिऑक्सिडंट; त्याचे २५ मिलिग्रॅम १०० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा (१ मिलिमोलर), ०.२ ते १.० मिलिमोलरचे पाच बिंदू घेऊन रेषा काढा आणि उत्तर ट्रोलॉक्समध्ये द्या. पातळ केलेल्याचा गुणक विसरू नका.

बाजारातल्या संत्रा स्क्वॅशची घटकयादी आधी वाचा. आयएनएस २२४, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, असेल तर फोलिन चाचणीत (ती एकूण फिनॉल मोजते) तोही फिनॉलच्या नावावर जमा होतो, आणि क जीवनसत्त्वही. असा आकडा ताज्या रसाच्या रांगेत मांडू नये.