दोन तास तेरा मिनिटं

आधी हे सांगते, नाहीतर राहून जाईल. पोलीस ठाण्याविरुद्ध तक्रार द्यायची असेल तर त्याच ठाण्यात पावतीसाठी ताटकळू नका. मी चारदा ताटकळले. "माताजी, टीआय साहब आएँगे तब सील लगेगी." साहेब (टीआय म्हणजे ठाण्याचे प्रमुख) आले की सीलची किल्ली कुणाच्या तरी खिशात. पाचव्या खेपेला सरळ पोस्टात गेले. एक प्रत ठाण्याला, एक झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना), दोन्ही स्पीड पोस्टनं, आणि पोचल्याचा पुरावा छापून फायलीत. (इंदूरला २०२१च्या डिसेंबरपासून पोलीस आयुक्त आहेत. जुन्या सवयीनं 'एसपी साहेब' लिहू नका, अर्ज फिरत राहतो.)

झालं होतं ते असं. भाचा सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन मित्राबरोबर गाडीवर परत येत होता. अडवलं, कागद मागितले, ते होते. मग उलट बोलला म्हणून ठाण्यात नेलं, मोबाइल काढून घेतला, एका आरक्षकानं (शिपायानं) दोन कानाखाली मारल्या आणि बसवून ठेवलं. कसलीही नोंद नाही, गुन्हा नाही. घरी आला तेव्हा गाल लाल आणि तोंड बंद. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आत्या, जाऊ दे ना." मीही जाऊ दिलं असतं, पण एकतीस वर्षं बँकेत कागद सांभाळलेत. न जुळलेली नोंद मला रात्री झोपू देत नाही.

डीसीपी ऑफिसात अर्ज व्यवस्थित घेतला. मंगळवारच्या जनसुनवाईतही (तिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात) नंबर लवकर लागला, तिथलं काही सांगण्यासारखं नाही.

पुढे मात्र अर्ज वरून खाली 'मार्क' होत होत पोचला कुठे, तर त्याच ठाण्यात! चौकशी अधिकारी म्हणून जे बसले होते, त्यांचं टेबल त्या आरक्षकाच्या टेबलाला लागून. बयान सुरू असताना तोच चहा ठेवून गेला. भाचा काय बोलणार? अहवालात आलं, 'मुलाला दहा मिनिटांत समज देऊन सोडले, मारहाणीचा पुरावा नाही.' आमच्या बँकेत कॅशियरच्या कॅशची तपासणी शेजारच्याच कॅशियरनं केली असती तर दोघंही घरी गेले असते.

म्हणून माहितीच्या अधिकारात ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज मागितलं. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं. तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष. तरी उशीर करू नका. माझे पहिले तीन आठवडे पावतीतच गेले.

दहा रुपयांच्या अर्जाला एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, 'चौकशी चालू असल्याने कलम ८(१)(ज) प्रमाणे देता येत नाही.' कुठली चौकशी? माझ्याच तक्रारीची. म्हणजे चौकशी चालू म्हणून पुरावा द्यायचा नाही, आणि पुरावा नाही म्हणून चौकशी बंद करायची. मी ते पत्र आणि तो अहवाल शेजारी शेजारी ठेवून किती वेळ बघत बसले होते. खिडकीवर विचारलं तर म्हणे डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन) बिघडलाय. पुढच्या खेपेला म्हणे फुटेजमध्ये इतरांचे चेहरे आहेत. मी म्हटलं, बिघडलेल्या मशीनमध्ये चेहरे दिसले कसे? त्यावर जेवणाची सुट्टी झाली.

पन्नास रुपये भरून पहिलं अपील केलं. त्यात दोनच मुद्दे लिहिले. चौकशी चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्यानं तिला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं भगतसिंग प्रकरणात २००७ ला म्हटलंय. आणि चेहऱ्यांचं म्हणाल, तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचं देता येतं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपिलाला तीस दिवस असतात, लिफाफ्यावरची तारीख जपा.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी निमूट ऐकलं आणि अवलोकनाचा, म्हणजे फुटेज तिथे बसून बघू देण्याचा, आदेश दिला. स्क्रीनसमोर बसले तेव्हा आवाज नव्हताच. आतल्या खोलीत कॅमेराही नव्हता. पण दाराच्या कॅमेऱ्यात भाचा ११:४८ ला आत गेला आणि २:०१ ला बाहेर आला. मी तीनदा मागे करून बघितलं. दहा मिनिटं म्हणे! वेळा तिथेच अर्जावर लिहून सही मागितली, आणि ती मिळाली. (चष्मा न्या, स्क्रीनवरचे आकडे बारीक असतात.)

पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, महाराष्ट्रात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. ती मूळ सूचना सर्वोच्च न्यायालयाची, २२ सप्टेंबर २००६ ची. प्रमुख म्हणून जिल्ह्याला निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राज्याला उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. खटला लढणारे प्रकाश सिंग स्वतः उत्तर प्रदेशचे पोलीस प्रमुख होते, म्हणजे ही काही पोलिसांवर खार खाणाऱ्यांची मागणी नव्हे. मला मात्र इथे इंदूरला पाच महिन्यांत ज्या ज्या टेबलावर पाठवलं, तिथे खाकीच बसलेली होती. माणसं सगळी वाईट नव्हती. एका हवालदारानंच कानात सांगितलं, "अपील में जाओ, आंटी." पण त्याला ते कानात सांगावं लागलं.

त्या वेळा जोडून पुन्हा अर्ज दिला, तेव्हा चौकशी दुसऱ्या झोनच्या एसीपींकडे (सहायक पोलीस आयुक्तांकडे) गेली. आरक्षक सध्या लाइन अटॅच आहे, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत ठेवलाय, असं ऐकते, लेखी काही नाही. परवा फोन आला, "मॅडम, बच्चे को बयान के लिए भेज दीजिए." मी म्हटलं, पत्र पाठवा, जावक क्रमांकासकट.