तुम्ही विचारलंत म्हणून: दोन दिवसांसाठी दोन महिने

“दोन दिवसांच्या कॉनसाठी दोन महिने आधीपासून कसली एवढी तयारी करतेस?” कॉन म्हणजे कॉमिक्सवेड्यांचं संमेलन. हे मला ऑफिसात विचारतात, घरी विचारतात, आमच्या कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्रांचा वेश करणाऱ्यांच्या, ग्रुपमध्ये तर दर सीझनला कोणीतरी विचारतंच. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: “मजा करायला जायचंय की परीक्षेला?” आजवर मी हसून विषय बदलत आले. आज नीट उत्तर देते.

कॉनला काय असतं आणि तिशी उलटलेली बाई फोमचं चिलखत घालून तिथे का जाते, हे तुम्हाला माहीत आहे. मला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे, हेही माहीत आहे. पण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे प्रश्न विचारताना तुमच्या लक्षात राहत नाही.

आधी सोपा भाग. दोन महिने हा हिशोब माझा नाही, रेल्वेचा आहे. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस आधी उघडायचं, तेव्हा तुम्ही मला चार महिन्यांवरून बोलायचात. चिलखताची बॅग घेऊन शनिवारी पहाटे पुण्याहून मुंबईला सिंहगड एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभं राहायची माझी तयारी नाही. परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५.१० ला सुटते, म्हणजे माझा रविवार दुपारी साडेतीनलाच संपतो. हे आधी कळलेलं असलं की शनिवारी काय उरकायचं ते ठरवता येतं. ज्यांचे प्रिंट लवकर संपतात ते चित्रकार शनिवारी सकाळी. मोठे स्टॉल कधीही. त्यांचा माल संपत नाही आणि रविवारी भावही उतरतो.

चिलखताचंही तसंच. बोहरी आळीतून फोम आणायचा, ऑफिसनंतर रात्री कापायचा, ग्लू गनने चिकटवायचा, एवढ्यावर ते संपत नाही. माझ्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. त्यावर दाब पडला, की साखर ठीक असतानाही आकडा खाली दिसू शकतो. म्हणून दंडावरचा तुकडा मी आतून पोकळ ठेवते आणि तो घालून घरात दोन-दोन तास वावरते. तुम्हाला तो हौसेचा अतिरेक वाटतो. मला गर्दीत उभं असताना आकडा खरा आहे की खोटा, हे कळायला हवं असतं.

“जगात असं कोणी करत नाही,” हे वाक्य तर मला अजिबात पटत नाही. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला लाखाच्या वर माणसं येतात आणि सगळ्यात मोठ्या सभागृहात, हॉल एचमध्ये, जेमतेम साडेसहा हजार मावतात. दोन कार्यक्रमांच्या मधे सभागृह रिकामं करत नाहीत. त्यामुळे दुपारचा कार्यक्रम हवा असेल तर लोक रात्रभर रांगेत काढून सकाळपासून आत बसतात, नको असलेले कार्यक्रमही बघतात. टोकियोचं कॉमिकेट, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं, तेव्हा विकणारे गट ३२ होते आणि येणारे सातशेच्या आसपास. आता लाखोंनी येतात, आणि जाणते लोक आधी कॅटलॉग विकत घेऊन नकाशावर खुणा करतात, कोणी कोणत्या रांगेतून काय आणायचं ते मित्रांत वाटून घेतात, सुट्टी नाणी जमवून ठेवतात. आमच्या जपानीच्या क्लासमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला फार मोकळं वाटलं होतं. आपल्यासारखे आहेत की!

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? १९५३ पासून आपल्या पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होतोय. माझी मावशी सीझन पास हातात पडला की पाच दिवसांची आखणी करते. कोणत्या दिवशी लवकर पोचायचं, भारतीय बैठकीत कुठे चादर टाकायची, कोणाच्या गाण्याच्या वेळी चहाला उठायचं नाही, सगळं ठरलेलं. तिला कोणी विचारत नाही की गाणं ऐकायला जातेस की परीक्षेला. तिला रसिक म्हणतात.

आता अवघड भाग. हे मी तुमच्यापैकी फार थोड्यांना सांगितलंय.

काही वर्षांपूर्वीचं, मुंबईतलं एक कॉन. नाव घेत नाही. ज्याची कॉमिक्स मी शाळेपासून जपून ठेवली आहेत, तो चित्रकार रविवारी दुपारी साडेबाराला सह्या देणार होता. तेव्हाही माझी यादी होती. बॅगेत ज्यूसचे दोन छोटे टेट्रापॅक, ग्लुकोज बिस्किटं, इन्सुलिनचं पेन आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. गेटवर बॅग तपासणाऱ्यानं खाण्यापिण्याचं सगळं बाजूला काढलं. बाहेरचं आत नेता येत नाही. मी प्रिस्क्रिप्शन दाखवलं. तो म्हणाला, “मधुमेह आहे म्हणता आणि साखर कशाला नेता?” मी समजावू लागले की इन्सुलिन घेतल्यावर साखर खाली जाऊ शकते, तेव्हा हेच औषध असतं. मागून लोक ओरडायला लागले. शेजारचा दुसरा म्हणाला, “मॅडम, आत स्टॉल आहेत.” माझे टेट्रापॅक एका मोठ्या खोक्यात गेले. त्यात आधीच वडापावाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या.

सह्यांच्या रांगेत मी तासभर उभी होते. घाम येत होता, पण चिलखतात घाम येतोच. तो उकाड्याचा की साखर उतरल्याचा, हे अंगाला कळत नाही. मग हातातल्या पुस्तकाची पानं थरथरायला लागली. फोनवर सेन्सरचा आकडा बघितला: ६४, आणि बाण खाली. सत्तरच्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं, हे मला झोपेतही म्हणता येईल. माझ्यापुढे चार माणसं होती. तो चित्रकार मला दिसत होता, कोणाशी तरी बोलताना मान तिरकी करून ऐकत होता. मी तिथल्या स्वयंसेविकेला म्हटलं, मला काहीतरी खाऊन यायचंय, जागा ठेवाल का? ती म्हणाली, बाहेर पडलात तर परत मागून. तिलाही तसंच सांगितलेलं असणार.

मी बाहेर पडले. खाण्याच्या स्टॉलवर कूपन लागत होतं, कूपनच्या खिडकीवर लांब रांग, आणि गर्दीमुळे नेटवर्क बसल्यानं यूपीआय चालत नव्हतं. पाकिटात पाचशेची एकच नोट. ती दाखवून मी काही बोलू बघत होते, पण शब्द जुळेनात. हे ज्यांना झालंय त्यांनाच कळेल: काय हवंय ते डोक्यात असतं आणि तोंडापर्यंत पोचत नाही. मी खांबाला टेकून खाली बसले. लोक बाजूनं जात होते. दोघांनी माझा फोटो काढला. चिलखतातली योद्धी थकून बसलीय, त्यांना ती पोझ वाटली असेल.

निळ्या केसांच्या विगमधला एक कॉलेजचा मुलगा थांबला. “ताई, काय झालं?” मी एवढंच म्हणू शकले, “गोड.” त्याच्या हातात कोल्ड्रिंकची अर्धी बाटली होती. मी “डाएट?” असं काहीतरी पुटपुटले असावे, कारण त्यानं बाटली फिरवून लेबलवरची साखर मोठ्यानं वाचली आणि मग झाकण काढून माझ्या हातात दिली. आकडा वर येईपर्यंत तो शेजारी बसून राहिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी परत गेले तेव्हा सह्यांची वेळ संपली होती. टेबलावरचं कापडही काढून नेलं होतं.

संध्याकाळी डेक्कन क्वीनमध्ये माझी मैत्रीण म्हणाली, “तू फार ताण घेतेस गं. एक सहीच तर होती. यादी केली नसतीस तर वाईटही वाटलं नसतं.” मला गेटवरच्या माणसाचा राग आला होता, पण तो कर्जत येईपर्यंत ओसरला. हे वाक्य मात्र अजून तसंच आहे. यादी नसती तर सही हवीशी वाटली नसती, असं तिला खरंच वाटत होतं.

त्यानंतर माझी तयारी वाढली, हे खरंय. आता मी आयोजकांना आधी मेल करून वैद्यकीय कारणासाठी साखर आत नेण्याची परवानगी मागते आणि आलेल्या उत्तराचा प्रिंट जवळ ठेवते. ज्यूसऐवजी औषधाच्या दुकानातल्या ग्लुकोजच्या गोळ्या नेते, कारण पाकिटावर औषधासारखं काही दिसलं की गेटवर वाद कमी होतो. त्या बॅगेत, कंबरेच्या पट्ट्यात आणि चिलखताच्या आत अशा वेगवेगळ्या ठेवते. सुट्टे पैसे नेते. आणि दिवसाला तीनच गोष्टी ठरवते. बाकी सगळं हुकलं तरी चालेल, हे घरूनच कबूल करून निघते.

कॉलेजात असताना मी याच्या अगदी उलट बोलायचे. आखून केलेलं प्रेम खोटं, समोर येईल ते बघत सुटायचं, असं मी फर्ग्युसनच्या कट्ट्यावर तावातावानं मांडलेलं काहींना आठवत असेल. ती मुलगी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तिलाही मधुमेह होताच, पण मित्र बरोबर असायचे, आणि ती कधी एकटी रांगेत उभी राहिली नव्हती. तिच्यासमोर आज मला पूर्ण उत्तर देता येणार नाही. मागच्या वेळी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट माझ्या यादीत नव्हती: एका मुलीनं हातानं शिवलेलं, नदीवरचं छोटं कॉमिक, शेवटच्या रांगेतल्या टेबलावर. मैत्रीण लगेच म्हणाली, बघ! पण त्या रांगेत मी गेले ती खाण्यासाठी राखून ठेवलेल्या अर्ध्या तासात. हे आखणीनं मिळालं की आखणी नसताना? यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

आई वेगळंच विचारते: “एवढं करून जायलाच हवं का?” तिला मी हो म्हणते, आणि कधी कधी त्या हो मध्ये कॉनच्या ओढीपेक्षा मला जाता येतं हे दाखवायची जिद्द जास्त असते. तीही खोटी नाही.

तर या वेळी मैत्रिणीनं अट घातली आहे की शनिवारी दुपारी दोन ते चार यादी बंद, नुसतं फिरायचं. मी मान्य केलंय. माझी अट एवढीच, की गोळ्यांची एक पट्टी तिच्या खिशात राहील. मी मधेच गप्प झाले किंवा असंबद्ध बोलायला लागले, तर काय झालं विचारत बसायचं नाही, गोळ्या द्यायच्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. हे तिनं मला परत म्हणून दाखवलं, तेव्हा मी तिचंही तिकीट काढलं.