पकडीतला दोष

आज सकाळी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सेव्हन आयर्न या गोल्फच्या काठीने, म्हणजे क्लबने, सराव करताना, कित्येक महिने उजवीकडे वळत जाणाऱ्या माझ्या फटक्यांचे खरे कारण अखेर उमगले. दोष खांद्यांच्या वळणात असावा, असे मी धरून चाललो होतो. परंतु प्रशिक्षकांनी आधी माझा हातमोजा पाहिला. तळव्याच्या मनगटाकडच्या भागात तो झिजून पार विरला होता, म्हणजेच प्रत्येक स्विंगमध्ये क्लब हातात सरकत होता आणि चेंडूपाशी पोहोचेपर्यंत त्याचे तोंड, म्हणजे चेंडूवर आदळणारी बाजू, उजवीकडे उघडे पडत होते. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे ऐन वेळी मनगटाने सावरण्याची माझी धडपड मुळातच व्यर्थ होती.

मग क्लब तळव्यातून बोटांत घेतला, डावा हात किंचित उजवीकडे फिरवला आणि केवळ अर्ध्या स्विंगचे ५० फटके मारले. पहिले वीस-पंचवीस वाईटच गेले. त्यानंतर मात्र क्लबने उखडणारा गवताचा ढलपा चेंडूच्या मागे न निघता पुढे निघू लागला, आणि तो नेमका आवाज ऐकून मला मनापासून आनंद झाला. पूर्ण स्विंगची घाई आता पंधरा दिवस तरी करणार नाही.